मेण न लावलेले पिकअप

माझं नाव प्रसन्न आहे. नाव ठेवताना आईवडिलांनी जरा थांबून बघायला हवं होतं, असं मला ओळखणाऱ्या सगळ्यांचं मत आहे. पण मी म्हणतो, चिडू नको तर काय करू? मी फक्त गिटारचे पिकअप बदलायचं ठरवलं होतं. एवढ्याशा गोष्टीत आमच्या अख्ख्या प्लेनो शहराने माझ्यावर हसायचं काय कारण?

सुरुवात विनयने केली. विनय आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. फेब्रुवारीत तो मिसळ खायला आमच्याकडे आला होता. मी हौसेने इलेक्ट्रिक गिटार काढून वाजवली. त्याने फरसाण चावत ऐकलं आणि म्हणाला, "छान रे. पण टोन नाही यार. सत्तरच्या दशकातला रॉक असा वाजतो का? हा मिक्सर वाटतोय. आतमध्ये ओली चटणी."

(माझ्या घरात बसून! तिसरा पाव हातात असताना!)

एरवी मी सोडून दिलं असतं. (नसतं दिलं.) पण या वेळी प्रश्न आन्याचा होता. आन्या माझी मुलगी. वय सतरा, ड्रम्स वाजवते आणि ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी बॉस्टनला जाणार. आपण दोघं एकदा स्टेजवर एकत्र वाजवू या, म्हणून मी सहा वर्षं तिच्या मागे लागलो होतो आणि सहा वर्षं 'मेबी लेटर, बाबा' ऐकत होतो. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमासाठी ती चक्क हो म्हणाली. अट एकच घातली, "जस्ट डोन्ट एम्बॅरस मी." पोरगी घर सोडून जाणार, त्याआधीची ही एकमेव संधी. तीत मी मिक्सर वाजवू?

तर पिकअप. म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली, साबणाच्या छोट्या वडीएवढी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची तार छेडली की ही डबी ते कंपन पकडते आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरकडे, पाठवते. जुना टोन हवा तर जुन्या पद्धतीची डबी हवी. इथपर्यंत सोपं आहे. पण इंटरनेटवर या डब्यांवरून माणसं जेवढी भांडतात तेवढे सख्खे भाऊ जमिनीवरून भांडत नसतील. एक म्हणतो लोहचुंबक कमजोर हवं, दुसरा म्हणतो तारेचे वेढे कमी हवेत, तिसरा म्हणतो वेढे हातानेच घातलेले हवेत, मशीनने घातले की आत्मा निघून जातो. आत्मा! तांब्याच्या तारेचा! मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. फोरमने मला आठ दिवस बाहेर काढलं. (चूक त्याची, शिक्षा मला.)

शेवटी डेंटन गावाच्या पुढे एक म्हातारा सापडला. तो आपल्या गराजमध्ये बसून हाताने पिकअपची तार गुंडाळतो. (हो, हातानेच. आत्म्याबद्दल माझं मत तोवर बदललं होतं.) शनिवारी सकाळी ड्राइव्ह करून मी तिथे थडकलो. त्याने शांतपणे विचारलं, कुठे वाजवणार? मी म्हटलं, स्टेजवर.

"मग मेणात बुडवलेले घे," तो म्हणाला. "तार आत घट्ट बसते. बाहेरचे आवाज शिरत नाहीत."

"पण जुन्या काळी मेण लावायचे का?"

"काही जण नाही लावायचे. पण मेणाशिवायचे पिकअप सगळं पकडतात. एव्हरीथिंग."

एव्हरीथिंग! मला तेच तर हवं होतं. बोटांची लकब, मनातली भावना, सगळं.

"सन, आय मीन एव्हरीथिंग," तो पुन्हा म्हणाला. याला वाटतं मला टोन झेपणार नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी तिरमिरीत बिनमेणाचेच उचलले.

घरी येऊन सोल्डरिंगला बसलो. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून अहिल्येचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला.

"कसला वास येतोय?"

"सोल्डरिंग करतोय."

"कशावर?"

मी पोळपाट पटकन गिटारखाली ढकलला. पोळपाटाला मध्यभागी जळून खड्डा पडला होता. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पोळीला बरोबर मधोमध टेंगूळ येतं.

"आन्याला विचारलंस का, तिला कसा आवाज हवाय?" खाली येऊन पोळपाट बघून झाल्यावर अहिल्या म्हणाली.

"तिला काय विचारायचं? ती ड्रम्स वाजवते!"

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. एका शाळेचं सभागृह, दीडशे माणसं. जेवणात श्रीखंड होतं आणि ते सगळ्यांसाठी अहिल्येने एकटीने केलं होतं. साउंडवर विनय. (दुसरं कोण असणार!) आमच्याआधी अध्यक्ष नरेंद्रकाकांचं दोन मिनिटांचं मनोगत होतं. काका पडद्यापुढे बोलत होते, पडद्यामागे मी आणि आन्या तयारीत होतो. माझा अँप मात्र पडद्याच्या पलीकडे, लोकांकडे तोंड करून ठेवलेला. चालू. आवाज पूर्ण वर. सत्तरच्या दशकात आवाज कमी ठेवत नसत.

दोन मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. त्यात पिकअपचा स्क्रू सैल झाला. चष्मा गाडीत राहिलेला, म्हणून मी डाव्या हाताने तारा घट्ट दाबल्या, गिटार नाकाजवळ धरली आणि स्क्रू पिळायला लागलो. स्क्रू बसेना. माझं डोकं फिरलं.

"बसा ना आता खाली!" मी काकांवर चिडून स्क्रूला म्हणालो. "दरवर्षी तेच भाषण! फक्त वर्ष बदलतं!"

बाहेर हशा पिकला. काकांना आज विनोद जमतोय हे बघून मी आणखी भडकलो.

"आणि हा विनय! हा साउंड बघणार! कान आहेत का याला? माझ्या घरी येऊन सहा पाव खाल्ले आणि म्हणे टोन नाही!" (तीनच होते. पण रागात मी मोजत बसत नाही.)

बाहेर आणखी मोठा हशा.

"आणि ते श्रीखंड! श्रीखंड म्हणायचं की गोड दही? बायकोने केलंय म्हणून गिळलं मी!"

या वेळी शिट्ट्याही आल्या. काकांच्या माइकमध्ये कुणीतरी घशात पाणी धरून बोलतंय असा आवाज मला मघापासून येत होता. विनयचा साउंड, दुसरं काय, असं मला वाटलं. तेवढ्यात आन्या ड्रमच्या दोन्ही काठ्या हलवत ओरडली.

"बाबा, स्टॉप! इट्स पिकिंग अप एव्हरीथिंग!"

"पकडणारच! त्याचसाठी घेतलेत!" मी गिटारमध्ये गरजलो.

आणि पडदा उघडला.

समोर दीडशे माणसं डोळे पुसत होती. पहिल्या रांगेतली अहिल्या पुसत नव्हती. नरेंद्रकाकांनी कागदाची घडी खिशात घातली आणि माइकवर म्हणाले, "माझं भाषण संपलं. प्रसन्नरावांचा टोन लागलेला दिसतोय. आता सुरू करावं."

मी मागे वळून बघितलं. आन्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं. तेव्हा मात्र मला स्वतःचा असा संताप आला, की आजवर विनयचाही आला नसेल. पोरीने एक, फक्त एक गोष्ट मागितली होती. "सॉरी, बेटा," मी हळूच पुटपुटलो. गिटार अजून तोंडाशीच होती. ते 'सॉरी'ही शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचलं.

आन्याने हात खाली घेतले. माझ्याकडे एकदा बघितलं, काठ्या एकमेकींवर आपटल्या. वन, टू, थ्री, फोर.

आम्ही वाजवलं. दुसरं कडवं मी पूर्ण विसरलो आणि पहिलंच तीन वेळा वाजवलं. तिने प्रत्येक वेळी मला सांभाळून घेतलं. टाळ्या भरपूर पडल्या. (कशासाठी, ते मी विचारलं नाही.)

परत येताना गाडीत अहिल्या एकच वाक्य बोलली. "गोड दही दीडशे माणसांनी मागून मागून खाल्लं." त्यानंतर ती बाहेरची दुकानं बघत राहिली. गाडी मी चालवत होतो. मागून आन्याचा आवाज आला.

"बाबा, दॅट टोन वॉज अमेझिंग. आय मीन इट. एकदम सेव्हन्टीज."

म्हाताऱ्याला, विनयला, फोरमला, सगळ्या जगाला मी त्या क्षणी माफ करून टाकलं.

"नेक्स्ट मन्थ आमच्या स्कूल बँडचा शो आहे," ती म्हणाली. "मला ना, सेम तोच टोन हवाय."

"अगं, मग प्रॅक्टिस कधीपासून? मी उद्यापासून मोकळा आहे!"

"नो, नो. यू कम अँड वॉच. गिटार फक्त मिहीरला दे ना, प्लीज. तो आमचा गिटारिस्ट आहे."

"मिहीर?" मी एकदम उसळलो. "त्याला येते का वाजवता?"

"हो ना, बाबा," आन्या अगदी समजुतीने म्हणाली. "म्हणूनच तर."