रावमामांचं जुनं साल

आमच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं आहेत. आमच्या घरात चालू साल असतं आणि समोर रावमामांच्या घरात सात वर्षांपूर्वीचं. मधे पाच फुटांचा पॅसेज आणि चपलांचा एक रॅक.

तसं भिंतीवर त्यांच्याकडेही चालूच साल आहे. इकडे तमिळ मुलखात घरोघर असतं तसं, रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर. जुनं साल आहे ते फक्त त्यांच्या कॉम्प्युटरात. आणि गंमत अशी, की हा माणूस श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होता. गेटवरचं घड्याळ लावायचं आणि उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल पेन्सिलीने फुली मारायची, हे त्यांचं काम. रिटायर झाले तेव्हा घड्याळ कारखान्याकडे राहिलं, पेन्सिल मामांनी आणली.

ती पेन्सिल अजून चालते. दूधवाला चार मिनिटं उशिरा आला की कॅलेंडरच्या पानावर फुली. आम्ही वेलचेरीत राहायला आलो त्याच आठवड्यात मी 'पाच मिनिटांत येते' म्हणून विरजण मागायला अकरा मिनिटांनी गेले, तेव्हा मलाही एक मिळाली.

"एक मिनिट म्हणजे साठ सेकंद, मा," मामा म्हणाले. "तुमच्या देशांत कमी असतात कीं काय?"

'मा' म्हणजे 'बाई', 'देश' म्हणजे महाराष्ट्र. मी कोल्हापूरची. मामांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले. येताना आणलेलं मराठी या लोकांनी लोणच्यासारखं बरणीत जपलं आणि वरून तमिळचा खार घातला. त्यांच्या मते बिघडली ती आमची भाषा. बोलतात मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. देवनागरीतली लग्नपत्रिका आली की माझ्याकडून वाचून घेतात. मला इथे चार वर्षं झाली तरी तमिळ अक्षर ओळखता येत नाही, बसचा नंबर तेवढा वाचते. आम्ही दोघं मिळून एक साक्षर माणूस होतो.

मामांची मुलगी मैथिली गेल्या वर्षी मेलबर्नला गेली. एक दिवस तिचा मला फोन आला. अप्पांच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लागतच नाही, गेल्यापासून त्यांचा चेहरा पाहिलेला नाही, तुम्ही जरा बघाल का? मोबाइलवर पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मामांकडे बटणांचा फोन आहे आणि 'फोन कानाला लावायची वस्तू, डोळ्याला नव्हे' हा त्यांचा सिद्धांत आहे.

मी तडक गेले. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या म्हणून मला कंपनी पगार देते, तेव्हा एवढं तर माझ्या डाव्या हाताचं काम होतं. कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं आणि रोग सापडला. इतकं मागे राहिलेल्या यंत्राला इंटरनेट दारातही उभं करत नाही.

"मामा, आत एक बटणाएवढा सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना तो घड्याळ चालू ठेवतो. तो मेलाय."

"असेल, मा. मला ह्या यंत्रांतलं कांही कळत नाहीं." मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

खरं तर दिवस बरोबर होता, महिना बरोबर होता, मिनिटंसुद्धा बरोबर होती. चुकलं होतं फक्त साल. मेलेला सेल इतक्या शिस्तीत चुकत नाही, हे मला तिथेच सुचायला हवं होतं. पण हुशारी अंगात आली की डोळे मिटतात.

शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मी नवा सेल आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. मामांनी कॅलेंडराकडे बोट केलं. शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. राहुकाळात नवी वस्तू बसवायची नाही, हे इथे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही माहीत असतं. मी घरी जाऊन डोसे घातले आणि साडेदहाला परत आले.

"आतां कसं जमेल?" मामा कॉम्प्युटरकडे बघत गंभीरपणे म्हणाले. "भिंतीवर शनवार. पण पेटींत पाहा, शुक्रवार. शुक्रवारीं साडेदहा ते बारा राहुकाळ."

"अहो, पण तो शुक्रवार खोटा आहे!"

"तुम्हाला खोटा, मा. पेटीला खरा. सेल कोणाला बसवणार? पेटीला न?"

बारा वाजता त्यांचं जेवण. दीडला मी गेले तर शनिवारचा यमगंड सुरू झालेला. तोही तसलाच वाईट काळ, दीड ते तीन. तीनला गेले तर शुक्रवारचा यमगंड, तीन ते साडेचार. हे दोन दिवस एकमेकांना टाळी देऊन मला दाराबाहेर ठेवत होते. साडेचारला मात्र मामांकडचे सगळे ग्रह संपले. कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवून ते निमूट बाजूला सरकले.

सेल बसला, साल लागलं. चालू असताना मधेच 'टिंग' होऊन एक पिवळा चौकोन पडद्यावर येत असे, तमिळ अक्षरांनी भरलेला. आडी महिन्याचा, म्हणजे इकडच्या आषाढातला, साड्यांचा सेल असणार, म्हणून मी तो सकाळी दोनदा मिटवला होता. साल लागल्यावर चौकोनही बंद झाले. जाहिरातींचाही बंदोबस्त झाला म्हणून मी स्वतःवर खूष. रविवारी कॉल लागला. पडद्यावर मैथिली रडली, मामांनी तिला तिकडचं हवामान विचारलं.

मंगळवारी मैथिलीचा फोन आला. कॉल लागत नाही. जाऊन बघते तर पेटी पुन्हा सात वर्षं मागे.

मी दुसरा सेल आणला. पुन्हा तेच. मग घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लागेल अशी सोय केली. दोन दिवसांनी पाहिलं तर कुणीतरी ती सोयच बंद केलेली. घरात मामा एकटे, आणि त्यांना तर यंत्रातलं काही कळत नाही! मी व्हायरसवर संशय घेतला. त्या पिवळ्या चौकोनांवर तर पक्का घेतला, कारण साल मागे गेलं की तेही परत येत. मामा प्रत्येक वेळी मला कॉफी देत आणि माझ्या नजरेला नजर देत नसत. मला वाटलं, मला त्रास होतोय म्हणून ओशाळलेत.

शेवटी एका रविवारी सकाळी मी ठरवूनच गेले. आज चोर पकडायचा आणि मुळासकट काढून टाकायचा. आठ वाजले. टिंग.

"हा बघा, मामा! ही तमिळ जाहिरात. हाच तुमचं घड्याळ बिघडवतो. आता हा प्रोग्रामच उडवते."

"नक्को!"

तीस वर्षं गेटवर बसलेल्या माणसाचा आवाज होता तो. मी माउस सोडून दिला. मामा उठून पडद्याजवळ आले, चष्मा पुसला आणि हळू म्हणाले, "जाहिरात नव्हे, मा. तमिळही नव्हे. अक्षरं तमिळ. बोली आपली."

आणि त्यांनी वाचलं, "'अहो, गोळी घेतलींत कीं? खोटं सांगूं नका.'"

अंबुजामामींना मी पाहिलेलं नाही. आम्ही येण्याआधीच त्या गेल्या होत्या. फोटोवरून ठेंगण्या, करारी वाटतात. अड्यारला ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग होता, तिथे त्या शिकल्या आणि शिकलेलं सगळं नवऱ्यावर वापरलं. आठवण करून देणारा एक प्रोग्राम त्यांनी पेटीत घातला आणि वर्षभराच्या चिठ्ठ्या लिहिल्या. आठला गोळी. दहाला गिझर बंद केला का. चारला फिरायला जा. त्याच वर्षी, म्हणजे सात वर्षांपूर्वी, दीपावलीआधी मामी गेल्या. चिठ्ठ्या येतच राहिल्या. वर्ष संपलं तशा थांबल्या.

"मग मी साल मागं केलों," मामा म्हणाले. "कारखान्याचं घड्याळ मीच लावींत होतों, हें काय अवघड? ती पुन्हा बोलूं लागली. दर वर्षीं तेंच करतों."

"मग मला सांगायचं तरी!"

"काय सांगूं? मैथिली दिसली कीं अंबु गप्प. अंबु बोलली कीं मैथिली दिसत नाहीं. एक घड्याळ, मा. दोघी कशा राहणार?"

मला स्वतःची लाज वाटली. त्या बाईचा शब्द मी किती वेळा साड्यांचा सेल म्हणून मिटवला होता!

मग मी काम करायला हवं होतं तसं केलं. प्रोग्राम उघडला. प्रत्येक चिठ्ठीखाली एक इंग्रजी रकाना होता, कधीपर्यंत. मामींनी सगळीकडे वर्षअखेर घातली होती. तिथेच खाली दुसरा पर्याय होता: शेवट नाही. साल चालू असलं तरी चिठ्ठ्या आल्या असत्या, आणि आम्ही दोघं राहुकाळ मोजत बसलो होतो.

साल लावलं आणि एकेक चिठ्ठी घेतली. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मामा वाचत आणि मी शेवट काढून टाकत असे. "'डोक्याला तेल लावून उशीला टेकूं नका.'" काढला. "'दूधवाल्याशीं भांडूं नका, त्याची सायकल जुनी आहे.'" मामांनी माझ्याकडे चोरून बघितलं. काढला. "'मैथिलीला फोन करा. हवामान विचारूं नका, तिला विचारा.'" ही त्यांनी दोनदा वाचली.

शेवटची चिठ्ठी एकतीस डिसेंबरची होती. ती मामा वाचेनात. म्हणाले, "ही मी एकदांच पाहिलों. त्यानंतर दर वर्षीं तीस तारखेलाच साल मागं करतों, म्हणजे ही यायला नको."

"काय आहे तिच्यात?"

"'उद्यां नव्या वर्षाच्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत. मला आठवण करा.'"

मी तिला हात लावला नाही. ठेवायची की काढायची, तुम्हीच सांगा म्हटलं. मामा म्हणाले, ठेव. दर वर्षी येऊं दे.

त्यानंतर समोरच्या घरात चालू साल सुरू झालं. रविवारी मैथिली दिसते आणि मधेच तिच्या कपाळावर पिवळी चिठ्ठी येऊन बसते. मामा ती मोठ्याने वाचतात, मग मैथिलीही ऐकते. हवामान आता शेवटी विचारलं जातं. दूधवाल्याला दहा मिनिटांची सूट मिळाली, अकराव्याला फुली.

एकतीस डिसेंबरला दुपारी मामांनी माझं दार वाजवलं. "बेगी ये. राहुकाळ नाहीं. भिंतीवर, पेटींत आतां एकच दिवस. पाहिलों." मी गेले तेव्हा पडद्यावर ती चिठ्ठी आलेली होती. मामांनी ती मिटवली नाही. बाजूला नवीन चिठ्ठी उघडायला मला सांगितलं आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तमिळ अक्षरांत लिहू लागले. दोन ओळींना वीस मिनिटं लागली. वेळ त्यांनी सकाळी आठ घातली. शेवट नाही.

"काय लिहिलंत, मामा?"

चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि मला वाचून दाखवलं.

"'गोळी घेतलों, अंबु. खोटं नव्हे.'"