बायकोचा तवा मी उजळला

धातूच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! उभा जन्म मी नळांच्या कारखान्यात, पॉलिश खात्यात काढला. भट्टीतून आलेला नळ म्हणजे चिखलातून उपटलेलं रताळं. तोच माझ्या चाकावरून गेला की त्यात बघून भांग पाडावा! एकदा मोठे साहेब खातं बघायला आले आणि माझ्या हातच्या नळात बघून त्यांनी मिशी सारखी केली. तेव्हापासून मला सगळे 'चमकूशेठ' म्हणू लागले. नाव चिडवायला ठेवलं होतं, मी ते पदवीसारखं मिरवलं.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा घोटाळा अडाणीपणातून झाला असं कुणी म्हणणार नाही. तो हुशारीतून झाला.

आमची ही महिनाभर तिच्या बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती रविवारी सकाळच्या गाडीने परत येणार आणि मुलगी तिला स्टेशनवरून घरी आणणार, असं ठरलं. माझ्या मनात आलं, जन्मभर हिने माझ्यापुढे गरम बशी ठेवली, आता एकदा आपण ठेवू! दारातून आत आली की टेबलावर तवाभर न्याहारी. खाली खरपूस बटाटे, त्यात कांदा, ढोबळी मिरची, वर फोडलेली अंडी. सगळं एकाच तव्यात. भांडीही कमी लागतात आणि माणूस मोठा दिसतो.

मुलीला फोन लावला.

"बाबा, तुम्ही? स्वयंपाक?"

"का? मी काय गॅसला घाबरतो?"

"तुम्ही नाही हो, गॅस घाबरेल! बरं, लिहून घ्या. आईचा तो जाड तवा घ्या. स्वच्छ असू दे. तेल चांगलं तापू द्या. बटाटे पसरा आणि मग हात लावू नका. खालून सुटले की उलटा."

मी कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलं. मला अक्षरं पन्नाशीनंतर आली, त्यामुळे लिहिलेलं मी फार मनावर घेतो. 'तवा स्वच्छ' असं लिहिलंय म्हटल्यावर तवा स्वच्छच हवा!

तो तवा म्हणजे बिडाचा, खोलगट, लांब दांड्याचा, उचलताना मनगट कुरकुरेल असा. हिच्या आईचा. आईच्या घरून निघताना हिने तेवढी एकच वस्तू मागून आणली होती. आत-बाहेर काळा कुळकुळीत. ही त्याला कधी साबण लावायची नाही. वापरला की फडक्याने पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि खुंटीला टांगायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मला वाटायचं, जड आहे, घासताना हिचा हात दुखत असेल. इतकी वर्षं वाटतच राहिलं. एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर काय दात पडले असते? पण नाही विचारलं.

शनिवारी दुपारी तवा खाली काढला आणि आतून फडकं फिरवलं. फडकं काळं! आमच्या खात्यात नियम होता, फडकं काळं झालं की माल परत चाकावर. माझे हात शिवशिवायला लागले.

आधी साबण लावला. तरी काळाच. मग राख आणि लिंबू. तरी काळाच. मग पॉलिश पेपर घेतला आणि खसाखसा घासला, तेव्हा कडेला नखाएवढी जागा चमकली. ती चमक बघितली आणि माझं डोकं फिरलं! म्हातारपणी जुनी प्रेयसी रस्त्यात हसावी तसं झालं. स्टूल घेतलं, माळ्यावर चढलो आणि निवृत्तीच्या वेळी कारखान्यातून विकत घेतलेली मोटर आणि पॉलिशचं चाक खाली उतरवलं.

गॅलरीत मोटर घरघरायला लागल्याबरोबर खालच्या मजल्यावरचा कंपाउंडर वर आला. हा एका दवाखान्यात बाटल्या भरता भरता म्हातारा झाला. डॉक्टर होता होता राहिला असं तो म्हणतो. किती राहिलं होतं ते सांगत नाही.

"शेठ, हे काय? विमान उडवताय?"

"बायको येतेय. तिचा तवा उजळतोय."

त्याने चष्मा वर करून तव्यात पाहिलं, जणू रोग्याची जीभ बघतोय. "अरे बापरे! हे सगळे जंतू. इतक्या वर्षांचे! यांना आता पतवंडं झाली असतील."

"मग?"

"मग काय, काढा! एक सोडू नका. एक राहिला तरी संसार थाटतो."

आता आमच्या कारखान्याला वैद्यकीय पाठिंबा मिळाला. मी चाक लावत होतो आणि तो बोट दाखवत होता. "इथे राहिलंय… इथे बघा, एक कुटुंब लपलंय… दांड्याखाली, दांड्याखाली!" काळी धूळ अशी उडत होती की त्याचा पांढरा सदरा बघता बघता कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा झाला. खालून त्याच्या बायकोने हाक मारली. तो कठड्यावरून वाकला, तर ती ओरडली, "अगं बाई, हा कोण चोर?"

संध्याकाळपर्यंत काम फत्ते! मंडळी, खरं सांगतो, इतकं सुंदर काम मी नोकरीतही केलं नव्हतं. दिव्याखाली धरला तर छताचे पोपडे मोजता येत होते. कंपाउंडरने त्यात दात पाहिले आणि एक कीड शोधून काढली. मी तवा खुंटीला टांगला, समोर खुर्ची टाकली आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. ही काय म्हणेल, याचे संवाद मनात रचले. प्रत्येक संवादात तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढं मात्र खरं ठरलं.

रविवारी सकाळी कंपाउंडर आठ वाजताच हजर. "तुमच्या मदतीला," म्हणाला. येताना त्याने चमचा आणला होता.

बटाटे मी मापात चिरले. एकही तुकडा दुसऱ्याहून लहान नाही. तेल तापवलं, बटाटे पसरले. सुंदर आवाज आला! मी हात मागे बांधून उभा राहिलो, कारण 'हात लावू नका' असं लिहून ठेवलं होतं. थोड्या वेळाने उलथणं घातलं. हलेना. जोर केला. बटाटे हलले नाहीत, तवा हलला, शेगडी हलली, मी हललो. बटाटे फरशी बसवावी तसे जागच्या जागी!

"अजून सुटले नाहीत," मी म्हटलं. "लिहिलंय तसं थांबू."

थांबलो. धूर यायला लागला.

"शेठ, जखमेला पट्टी चिकटली तर आम्ही काय करतो?" कंपाउंडर म्हणाला. "भिजवतो!" आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याने तांब्याभर पाणी तव्यात ओतलं.

जे फसफसलं म्हणता! वाफेत मला कंपाउंडर दिसेना, कंपाउंडरला शेगडी दिसेना. तेलाचे थेंब भिंतीवर, कॅलेंडरवर, माझ्या हातावर. वाफ बसली तेव्हा तव्यात खाली कोळसा होता आणि वर पेज.

"कांदा घाला," तो म्हणाला. "कांद्याने सगळं झाकतं." घातला. झाकलं नाही. ढोबळी मिरची घातली. ती हिरवी होती, लगेच चिखलाच्या रंगाची झाली. शेवटी मी सगळी अंडी वर फोडली. मी म्हटलं, वरून तरी पिवळं-पांढरं दिसेल. अंडी खाली उतरली आणि सिमेंट झाली! उलथण्याचं टोक वाकलं. मी गॅस बंद केला, हत्यारांच्या पेटीतून भिंतीच्या भेगांत लांबी भरायची लोखंडी पत्री काढली आणि खरवडायला घेतलं. पत्री घासली तसा तव्यावर चरा उठला आणि माझ्या काळजातही. इतकं सुंदर पॉलिश!

तेवढ्यात दारात मुलगी. हातात आईची पिशवी. "आई येतेय हळूहळू, जिना चढतेय… शी! कसला वास हा? बाबा, हा कुठला भलताच तवा घेतलात? आईचा कुठाय?"

माझी छाती फुगली. बटाटे गेले खड्ड्यात, हा क्षण तर आला! "ओळखला नाहीस ना? हाच तो!"

"हा नाही हो. आईचा काळा तवा."

"तेच सांगतोय! काल दुपारभर बसून सगळा काळा थर काढला. चाकावर! एक डाग दाखव!"

मुलगी खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे, पिशवीवर बसली.

"बाबा, ती घाण नव्हती."

"फडकं काळं झालं ना पण!"

"तेल होतं ते. तापून तापून बसलेलं. त्याच्यामुळे काही चिकटत नाही त्याला. आजीने तीस वर्षं तो थर चढवला, मग त्याच्यावर आईने. म्हणून तर ती साबण लावू देत नव्हती कुणाला. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरने चमचा खिशात घातला.

"मला जंतू वाटले," तो पुटपुटला.

जिन्यावर हिची पावलं ऐकू येत होती. ही प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेते. आजवर मला त्याचा कंटाळा यायचा. त्या दिवशी वाटलं, अजून दहा मजले असते तर!

"बूट पॉलिश लावू या का?" कंपाउंडर कुजबुजला. "काळा होईल. माझ्याकडे नवी डबी आहे."

"काका, तुम्ही घरी जा," मुलगी म्हणाली.

"जातो. पण विचार करा, ब्रशपण आहे."

तो दारातून बाहेर पडला आणि ही आत आली. महिनाभराने बघत होतो. जरा वाळली होती. तिने आधी धुराकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्या हाताकडे.

"अहो, भाजलं का कुठे?"

"नाही. थोडंसं. अगं, मी…" पुढे शब्द सापडेना. सगळे रचलेले संवाद तिच्याच तोंडचे होते, माझ्या तोंडचा मी एकही रचला नव्हता.

ती शेगडीजवळ गेली. दांडा बघितला. त्याच्या आतल्या बाजूला, काळ्या थरात, तिच्या अंगठ्याने पडलेली एक खोलगट जागा होती, तिथे तिने अंगठा ठेवून पाहिला. तीही मी सपाट केली होती. मग पदराने कडेचं अंडं पुसलं आणि तव्याच्या उघड्या भागात वाकून बघत राहिली. पुष्कळ वेळ. मी कारखान्यात हजारो लोकांची तोंडं दिसतील असा माल तयार केला, पण माझ्या कामात कुणी असं बघितलेलं मला आठवत नाही.

"म्हातारी दिसायला लागले की मी," ती म्हणाली. "काळ्या तव्यात कधी कळलं नव्हतं."

आणि डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी उठून तिच्याजवळ गेली. मी पत्री हातात घेऊन उभा. ही ओरडली असती तर बरं झालं असतं! ओरडलेल्या माणसाला उत्तर देता येतं, चार शब्द जास्त बोलून भांडता येतं. ती नुसती म्हणाली, "आईचा हात होता हो त्याच्यावर."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"कधी विचारलंत?"

वरचा थर काढला की खाली खरा माल सापडतो, एवढं एकच मी आयुष्यभर शिकलो. इथे थर हाच माल होता आणि मी तो गॅलरीतून उडवून दिला. थोडा कंपाउंडरच्या सदऱ्यात अजून असेल. त्याच्या बायकोने तो दोनदा धुतला, तरी निघत नाही. मला तो सदरा मागून घ्यावासा वाटतो, पण काय कारण सांगू?

ती न्याहारी आम्ही तिघांनी खाल्ली. वरचं जेवढं निघालं तेवढं. हिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

आता रोज संध्याकाळी मी तव्याला तेल लावतो, मंद आचेवर ठेवतो, धूर निघाला की उतरवतो, पुसतो, पुन्हा लावतो. ही खुर्चीत बसून सांगते, "पातळ लावा… अजून पातळ. नळ नाहीये तो." तव्याला आता चहासारखा रंग आलाय. मी विचारलं, पूर्वीसारखा कधी होईल? म्हणाली, "आणखी तीस-चाळीस वर्षं."

"म्हणजे मी शंभरी ओलांडेन."

"घाई आहे का कुठे जायची?"

मी म्हटलं, नाही, थांबतो.

परवा पहिल्यांदाच तव्यातून अंडं सुटलं! मी इतक्या मोठ्याने ओरडलो की कंपाउंडर धावत वर आला आणि त्याने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. अर्धंच सुटलं होतं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. हिला सांगायची गरजच नव्हती. उरलेलं अर्धं तीच खरवडत होती.