घरच्या बिस्किटांची काळी बाजू

एका जंगलात कुणालाच स्वयंपाक येत नव्हता, पण सगळ्यांना घरचंच आवडायचं.

मुलांनो, हसू नका. असं जंगल असतं. तुमच्या घराजवळही असेल.

या जंगलात सगळे सण व्हायचे. नाताळही व्हायचा. सण कुणाचा, हे तिथे कुणी विचारत नसे. खायला काय, एवढंच विचारत. नाताळला बिस्किटं असायची. चांदणीची, घंटेची, पानाच्या आकाराची आणि वर रंगीत आयसिंगची नक्षी. अलीकडे त्यांना कुकीज म्हणायची पद्धत आली होती. बिस्किट म्हटलं की दुकानातलं वाटतं आणि कुकी म्हटलं की घरचं वाटतं, असं तिथल्या शिकलेल्या प्राण्यांचं मत होतं. घाई असली की तेही बिस्किटच म्हणायचे.

नाताळच्या दिवशी प्रत्येक घरातून एक ताट निघायचं. ताटावर क्रोशाचा रुमाल. ते शेजारच्या घरी जायचं. शेजारीण रुमाल उचलून म्हणायची, "अय्या, सगळं घरी केलंत?"

ताटवाली म्हणायची, "हो तर! बाहेरचं आमच्याकडे चालतच नाही."

मग ताटवाली घटकाभर टेकायची. गप्पा व्हायच्या. निघताना तिचं ताट रिकामं पाठवायचं नाही, त्यात आपली बिस्किटं घालायची. याला ताटांची फेरी म्हणत.

फेरी सगळ्या घरांना जायची. फक्त साळूच्या घरी जात नसे.

साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे. तिने कधी कुणाला टोचलं नव्हतं. पण लोक लांबूनच 'आई गं' म्हणायचे आणि दुसऱ्या वाटेने जायचे.

दर नाताळला साळू ओसरी सारवायची आणि चटई अंथरायची. संध्याकाळी ती चटई झटकायची. झटकण्यासारखं तिच्यावर काहीच नसायचं. तरी झटकायची, गुंडाळायची आणि कोपऱ्यात उभी करून ठेवायची. इतकी वर्षं झाली, पण चटई दुकानातून आणल्यासारखी कोरी होती.

या वर्षी त्या चटईवर कुणीतरी बसावं, एवढंच साळूला हवं होतं.

फेरीत कुणाला घ्यायचं हे गवावहिनी ठरवायच्या. त्या रानगव्यांच्या घरातल्या थोरल्या सून. त्या आकाराने मोठ्या होत्या आणि त्यांची मतं त्याहून मोठी होती. साळू धीर करून त्यांच्या अंगणात गेली आणि बरीच लांब उभी राहिली.

"वहिनी, यंदा मी फेरीत येऊ?"

"मोठ्याने बोल गं. काय म्हणतेस?"

"फेरीत येऊ?"

"ये की. पण एक सांगून ठेवते. आपल्याकडे फक्त घरचं चालतं. विकतचं दिसलं, तर तुझ्या घरावरून फेरी कायमची बंद."

"मी घरीच करते," साळू म्हणाली.

"सगळे घरीच करतात," असं म्हणून गवावहिनी एकदम आभाळाकडे बघू लागल्या. आभाळात काही नव्हतं.

आता, मुलांनो, आवाज न करता माझ्या मागून या. आपण अस्वलभाऊंच्या बेकरीकडे जाऊ. पुढच्या दाराशी कुणी नाही ना? बरोबर. मागच्या दाराशी रांग आहे.

रांगेत सगळ्यात पुढे एक फार मोठी बाई डोक्यावरून शाल घेऊन उभी होती. शालीतून दोन शिंगं बाहेर आली होती. रांगेतल्या कुणीही तिला ओळखलं नाही. न ओळखण्याची तिथे पद्धतच होती.

तिच्यामागे ससेबाईंचा नंबर.

"बाजारी देऊ की घरगुती?" अस्वलभाऊंनी विचारलं.

"घरगुतीच द्या. पण ती एवढी महाग का हो? दोन्ही तुम्हीच करता ना?"

"ससेबाई, सरळ बिस्किट साचा करतो. वाकडं मला करावं लागतं. एक कड करपवायची. आयसिंग ओघळवायचं. चांदणीचं डावं टोक मोडायचं. वर अंगठा दाबायचा. मेहनत आहे त्यात!"

"अंगठा तेवढा हलका दाबा. मागच्या नाताळात सगळ्या मला विचारत होत्या, ससेबाई, हात सुजलाय का म्हणून."

"अंगठा आहे तसाच उमटणार," अस्वलभाऊ म्हणाले. "पुढे कोण?"

साळूला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती कधी रांगेत उभी राहिलीच नव्हती. रांगेत तिच्या मागे उभं राहायला कुणी तयार नसे.

म्हणून तिला बिस्किटं स्वतःच करावी लागायची. पहिल्या वर्षी ती करपली. पुढच्या वर्षी कच्ची राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी वरून करपली आणि आतून कच्ची राहिली. ती सगळी साळूनेच खाल्ली होती. त्यामुळे करपलेल्या बिस्किटाची चव तिला जंगलात सगळ्यांत जास्त माहीत होती, आणि ती तिला मुळीच आवडत नव्हती.

हळूहळू तिला जमलं. मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, तीवर जाळी, जाळीवर ताटली, वर घट्ट झाकण. लोण्याचा वास बदलला की झाकण काढायचं. आयसिंगला बिटाचा लाल, पालकाचा हिरवा आणि हळदीचा पिवळा रंग. आणि नक्षी काढायला तिचाच गळून पडलेला एक काटा. काट्याच्या टोकाने इतकी बारीक रेघ निघायची की मुंगीनेही वाकून बघावं.

साळू कमी बोलायची. कमी बोलणाऱ्यांना बघायला वेळ मिळतो. गवावहिनींचे चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आहेत, मोजे घातल्यासारखे, हे तिने पाहिलं होतं. अस्वलभाऊंच्या छातीवर पांढरी कोयरी आहे, हेही पाहिलं होतं. ससेबाई थाप मारतात तेव्हा त्यांचा उजवा कान खाली पडतो, हे तर तिने खूपदा पाहिलं होतं.

हे सगळं तिने बिस्किटांवर काढलं. ज्याला द्यायचं त्याचं चित्र. मग ताटावर रुमाल घातला, ओसरीवर चटई अंथरली आणि ती निघाली.

गवावहिनींच्या अंगणात सगळे आपापली ताटं घेऊन जमले होते. साळूने ताट मध्ये ठेवलं आणि आपण मागे सरकली. वहिनींनी रुमाल उचलला.

"अगंबाई! माझे मोजे!" वहिनी ओरडल्या. "चारी पायांचे काढलेत बघा! कडेला शिवणसुद्धा आहे!"

"आणि ही मी!" ससेबाई म्हणाल्या. "पण माझा कान असा का पडलाय?"

"बोलताना पडतो," साळू हळूच म्हणाली. "कधीकधी."

सगळे वाकून वाकून बघत होते. साळूला वाटलं, झालं. आज चटईवर कुणीतरी बसणार.

तेवढ्यात गवावहिनींनी बिस्किट उलटं केलं. मग परत सुलटं केलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"साळू, याची काळी बाजू कुठे आहे?"

"काळी बाजू नाहीये, वहिनी."

"घरच्या बिस्किटाला एक बाजू काळी असते."

"आणि अंगठा?" ससेबाईंनी विचारलं. "कुठेच उमटला नाही तो?"

"टोकसुद्धा एक मोडलेलं नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "हे विकतचं आहे. सरळ दिसतंय."

"मी केलीत," साळू म्हणाली. तिचा आवाज तिच्यापुरताच निघाला. मग तिला चटई आठवली आणि तिने पुन्हा तोंड उघडलं. "तुमच्या सगळ्यांच्या चांदण्यांचं डावंच टोक मोडलंय. आणि अंगठाही सगळीकडे एकच आहे. एवढा मोठा अंगठा इथे कुणाचाच नाही. अस्वलभाऊ सोडून."

अस्वलभाऊंनी हात पाठीमागे घेतले.

"अगं, आपण सगळे एका जंगलातले," गवावहिनी म्हणाल्या. "सगळ्यांवर संस्कार एकच. मग अंगठाही एकच उमटणार!"

"अगदी बरोबर!" ससेबाई म्हणाल्या, आणि त्यांचा उजवा कान खाली पडला.

साळूने शेवटच्या आशेने अस्वलभाऊंकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही सांगा ना. ही तुमच्या बेकरीतली आहेत का?"

अस्वलभाऊ स्वतःचं चित्र हातात घेऊन उभे होते. छातीवरची कोयरी त्यांनी दोनदा पाहिली. अशी रेघ त्यांना जन्मात जमली नसती.

"माझ्याकडची नाहीत," ते म्हणाले.

साळूचे काटे आनंदाने थोडे हलले.

"माझ्यापेक्षा चांगली आहेत," अस्वलभाऊ पुढे म्हणाले. "म्हणजे माझ्यापेक्षा मोठ्या बेकरीतली असणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं सोपं उत्तर आपल्याला कसं सुचलं नाही, असं प्रत्येकाला वाटलं.

गवावहिनींनी ताटावर रुमाल परत टाकला. "साळू, तुझी फेरी—"

"मी समोर करून दाखवते!" साळू ओरडली. ती इतक्या मोठ्याने ओरडली की तिची तीच दचकली.

मग सगळं जंगल साळूच्या अंगणात आलं आणि चुलीभोवती गोल करून उभं राहिलं. आजवर तिच्या अंगणात एकजणही आला नव्हता. आज सगळे एकदम आले आणि एकटक तिच्या हातांकडे बघू लागले.

मुलांनो, तुम्हाला वर्गात उभं करून पाढे म्हणायला सांगितलं की काय होतं? घरी येत असतात ना? तसंच झालं.

साळू घाबरली. घाबरल्यावर तिचे काटे उभे राहिले. काटे उभे राहिल्यावर सगळे भराभर मागे सरकले. ते मागे सरकलेले पाहून ती आणखी घाबरली. पिठाचा गोळा पाठीवरच्या काट्यांना जाऊन चिकटला. तो काढताना आयसिंगचं भांडं चुलीत पडलं. त्याचा इतका धूर झाला की लोण्याचा वास कधी बदलला, ते तिला कळलंच नाही.

झाकण काढलं तेव्हा आत कोळसे होते. काहींना टोकं होती. ती चांदणी असावी.

साळूने डोळे मिटून घेतले. आता चटई गुंडाळायची, असं तिने मनात ठरवलं.

गवावहिनींनी एक कोळसा उचलला. तो मोडेना. त्यांनी तो झाडाच्या बुंध्यावर आपटला. टक् असा आवाज आला. साल निघाली, बिस्किट तसंच. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराचंही असेल.

"याला म्हणतात घरचं!" त्या म्हणाल्या.

"आमच्या आजीची अश्शीच व्हायची!" ससेबाई म्हणाल्या. आणि आश्चर्य म्हणजे, त्यांचा कान ताठ राहिला.

"एवढं काळं मला कधी जमलं नाही," अस्वलभाऊ पुटपुटले. ते मनापासून म्हणाले.

"साळू, तू फेरीत!" असं म्हणून गवावहिनी ओसरी चढल्या आणि चटईवर बसल्या.

चटई त्यांच्याखाली दिसेनाशी झाली. बाकीचे कडेकडेने, जमेल तिथे टेकले. साळू दाराला धरून उभी राहिली. वहिनींनी चटईवर मांडी घातली आहे, हे ती पुन्हा पुन्हा बघत होती.

तिने काळी बिस्किटं वाटली. प्रत्येकाने ती कपाळाला लावली. "मायेचं आहे हो, घरी जपून ठेवू," म्हणत प्रत्येकाने ती बांधून घेतली. खाल्लं कुणीच नाही.

मग गवावहिनींची नजर पहिल्या ताटाकडे गेली. ते कुणीतरी उचलून आणलं होतं.

"ही विकतची टाकून कशाला द्यायची?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपले मोजे तोंडात टाकले.

पुढे बराच वेळ नुसता कुरकुर कुरकुर आवाज येत होता. ससेबाईंनी स्वतःला कानापासून खाल्लं. अस्वलभाऊंनी कोयरी शेवटपर्यंत ठेवली आणि मग डोळे मिटून खाल्ली. ताटातले कण बोटाने टिपले गेले. रुमालही झटकून पाहिला.

"काही म्हणा," गवावहिनी तोंड पुसत म्हणाल्या, "घरच्याला माया असते, पण चव बाजारचीच."

साळूने बोलायला तोंड उघडलं. खरं काय ते सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात ससेबाई सरकत सरकत तिच्याजवळ आल्या. अगदी जवळ. दोन काट्यांच्या मधून त्यांनी तोंड तिच्या कानाशी नेलं. इतक्या जवळ आजवर कुणी आलं नव्हतं.

"मला एकटीलाच सांग हं," त्या कुजबुजल्या. "कुठल्या दुकानातून आणलीस?"

साळूने चटईकडे पाहिलं. वहिनी अजून उठल्या नव्हत्या. उठायचं त्यांच्या मनातही दिसत नव्हतं.

"लांब आहे दुकान," साळू म्हणाली. "पण तुम्ही येत जा. मी आणून ठेवत जाईन."

साळिंदराचे कान काट्यांत लपलेले असतात. त्यामुळे तिचा उजवा कान खाली पडला की नाही, हे कुणालाच दिसलं नाही.

त्यानंतर दर नाताळला साळू दार लावून बिस्किटं करते आणि दार उघडून ती विकत आणली म्हणून सांगते. फेरीच्या ताटात मात्र ती अस्वलभाऊंकडून घेतलेली काळी घालते. अस्वलभाऊंनी त्या प्रकाराला नावच ठेवलंय, 'अस्सल साळू'. मागच्या दाराशी सगळ्यात आधी तोच संपतो.

चटई आता मधोमध झिजली आहे. साळू ती रोज झटकते. पुष्कळ कण पडतात.

तात्पर्य : मुलांनो, मन लावून शिका. काम उत्तम जमलं तर ते विकत आणलं म्हणून सांगा, आणि बिघडलं तर मी स्वतः केलं म्हणून सांगा. दोन्हीकडून कौतुक होईल. खरं सांगायचंच असेल, तर समोरच्याच्या तोंडात बिस्किट असताना सांगा. कुरकुर आवाजात त्याला ऐकू येत नाही.