दादांचा अंगठा

माझे साडू विलासराव घरी येणार म्हटलं की मला घाम फुटतो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

हा माणूस चहाच्या आधी घरातली लाकडी वस्तू उलटी करतो. "आधी पालथं घाला," हे त्यांचं ब्रीद. भाचीच्या सोयरिकीला गेलो, तर वरपक्षाचा चौरंग पालथा घालून भर बैठकीत म्हणाले, "वरून सागाचा रंग, आतून आंबा." सोयरीक कशीबशी टिकली. आमची मान खाली गेली ती गेलीच.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांना वेड एकच, सुताराचे जुने लाकडी रंधे. नाशकात भद्रकालीतलं भंगार असो की कळवणच्या सुताराचा माळा, रंधा दिसला की उचलायचा, तळावर नख ओढायचं, वास घ्यायचा. मग निकाल. "अंग बाभळीचं, मूठ शिसवीची. मूठ मागाहून बसवलीय." विकत एकही घ्यायचा नाही. दुकानदारांनी चिडू नये तर काय करावं?

आणि पॉलिश केलेला रंधा दिसला की हे पेटलेच. माझ्या पन्नाशीला गंगापूर रोडवरच्या हॉटेलात गेलो. तिथे रंध्यांना भोकं पाडून दिवे लावलेले. मालकाला बोलावून म्हणाले, "उद्या आजोबांच्या चपलेत मेणबत्ती लावाल." वाढदिवस माझा, आणि उपाशी उठलो सगळे.

तो राग मी काढला. भंगारातून एक रंधा आणला. काळाकुट्ट, उजव्या अंगाला खळगा, पुढच्या टोकावर तापल्या खिळ्याचे तीन ठिपके. खळगा, ठिपके सगळं जाईपर्यंत स्वतः ग्राइंडर मारला, पॉलिश चढवलं आणि शोकेसमध्ये मांडला. त्यांना खिजवायलाच.

ते आले. रंधा पालथा घातला, नख ओढलं. मी भांडायला सज्ज होतो. पण ते उजव्या अंगावरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

"खैर आहे," म्हणाले. "आमच्या दादांचा खैराचाच होता." वडील चांदवडला सुतारकी करायचे, हे मला तेव्हा कळलं. डावखुरे होते, म्हणून त्यांच्या अंगठ्याचा खळगा उजव्या अंगाला पडलेला. तीन भावंडांचे तीन ठिपके त्यांनीच खिळ्याने डागलेले. विलासराव ड्यूटीवर असताना घरच्यांनी तो भंगारात घातला.

"मग इतकी वर्षं तोच शोधताय?"

"मग काय करू, सुधीरराव? दादांचा एक फोटो नाय. त्यांचा अंगठा तेवढा त्या लाकडात राहिलाय."

रंधा त्यांनी हळूच जागेवर ठेवला. "हा नव्हे. ह्याला खळगा कुठाय?"

पॉलिशबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा त्यांचा फोन आला, चांदवडच्या बाजारात एक खैराचा रंधा आलाय म्हणे, येता का? मी गाडी काढली. त्यांनी तो पालथा घातला, मान हलवली, आणि आम्ही परत आलो.

दादांचा रंधा माझ्या घरात आहे आणि त्यांचा अंगठा मी घासून टाकला, एवढं विलासरावांना सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.