प्रज्ञा मदत करत नाही

एका हातात दूध, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, कोथिंबिरीची जुडी बगलेत, आणि दाराचं मेलं कुलूप काही केल्या उघडत नाही. अशा वेळी शेजारीण मागे येऊन उभी राहिली तर निदान पिशवी तरी धरेल असं कुणालाही वाटेल. आमची शेजारीण प्रज्ञा इंगळे दोन पावलं मागे सरकली, हात पाठीमागे बांधले आणि माझी फजिती बघत राहिली. क्रिकेटची मॅच बघावी तशी, मन लावून.

कुलूप उघडल्यावर मी तिला चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात तिनेच विचारलं, "काकू, पहिल्यांदा किल्ली उलटी का घातलीत?" मी म्हटलं, हौस आहे म्हणून. तिला टोमणा कळला नाही. टोमणे तिला कळतच नाहीत. तिने माझी किल्ली दोन्ही बाजूंनी निरखली आणि म्हणाली, "चूक तुमची नाही. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तुम्ही तरी काय करणार?" मग घरातून लाल नेलपॉलिश आणून एका बाजूला ठिपका दिला. तेव्हापासून किल्ली सरळ जाते, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

चेंबूरच्या आमच्या बिल्डिंगीत ती आणि तिचे वडील आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. प्रज्ञा चाळिशी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, कुर्त्याला खिसा नसेल तर तो कुर्ता घेणारच नाही. लग्न केलं नाही आणि का केलं नाही ते सांगतही नाही. नोकरी अंधेरीला. काय नोकरी, हे समजायला मला बराच वेळ लागला. वेबसाइट आणि ॲप बनवतेस ना, असं विचारलं तर म्हणाली, बनवतात दुसरे, मी फक्त लोक कुठे अडकतात ते बघते. याचा पगार देतात? देतात, आणि चांगला देतात. आमच्या ह्यांनी जन्मभर मला अडकताना बघितलं, तेही फुकट.

एकदा तिने मला गॅस बुकिंगच्या नव्या ॲपपुढे बसवलं. म्हणाली, काकू, मोठ्याने विचार करा, पण अडलं तर मी सांगणार नाही. आणि स्वतः दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. म्हटलं हे काय गं नवीन? तर मदत करायला हात शिवशिवतात, म्हणून त्यांच्यावर बसायचं. बरं, मोठ्याने विचार करायची सवय कुणाला असते? मी सिलेंडरपासून सुरुवात केली आणि सासूबाईंपर्यंत पोचले. सिलेंडर काही बुक झाला नाही. प्रज्ञाचा चेहरा मात्र असा खुलला की मलाच पास झाल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, फार छान अडकलात काकू.

आमच्या लिफ्टला नवीन पॅनल बसवलं तेव्हा तर धमाल झाली. तळमजल्याच्या बटणाची जुनी जागा होती तिथे आता अलार्म. सकाळपासून सगळी बिल्डिंग अलार्म वाजवत खाली येत होती. सेक्रेटरींनी पाटी लावली, 'अलार्म दाबू नये'. लोक पाटी वाचून अलार्म दाबायला लागले. प्रज्ञाचं म्हणणं, जिथे पाटी लावावी लागते तिथे आधीच काहीतरी फसलेलं असतं. स्वतः कधी टिकली न लावणारी ही बाई माझ्याकडून मोठ्या टिकल्यांचं पाकीट मागून घेऊन गेली आणि तळमजल्याच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवली. अलार्म थांबला. सेक्रेटरी अजून सांगतात की पाटीने फरक पडला, आणि प्रज्ञा त्यांना तसं सांगू देते.

आता तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. आप्पा इंगळे म्हणजे बोलणारा माणूस. अकोल्याकडून तरुणपणी आले, इथे नोकरी केली, पण खरा जीव भाषणात. भीमजयंतीला माइक हातात आला की आयोजक घड्याळ बघायला लागायचे. त्या माणसाला झटका आला आणि वाचाच गेली. उजवा हात लुळा पडला, अक्षरं कळेनाशी झाली. हो की नाही विचारलं तर मानेचाही घोळ, हो म्हणायचं असेल तर ती नाही म्हणायची. डोळे मात्र सगळं समजत असल्यासारखे बघायचे. मला ते बघवत नसे.

वर्षभर प्रज्ञाने घरून काम केलं. मग तिच्या ऑफिसने सगळ्यांना परत बोलावलं. दिवसा सांभाळायला ठेवलेल्या दोन बायांना आप्पांनी पळवून लावलं, एकीला तर ताट फेकून. तिचा थोरला भाऊ विनोद नागपूरला असतो. माणूस चांगला, पण हिशोबी. तो म्हणाला, आप्पांना मी घेऊन जातो, तिथे घरात माणसं आहेत. नागपूरचं नाव निघालं की आप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांचा विहार इथे, दोस्त इथे, मुलगी इथे. शेवटी असं ठरलं की विनोद एक दिवस येऊन बघेल. प्रज्ञा ऑफिसात असताना आप्पांना हवं-नको स्वतः सांगता आलं, तर ते इथेच राहतील. नाहीतर नागपूर.

मी समोर होतेच, किल्लीही माझ्याकडे असायची. प्रश्न एवढाच होता की आप्पांना काय हवंय ते मला कळणार कसं. प्रज्ञाने रजा काढली आणि त्यांच्यासाठी टॅब तयार केला. मोठी मोठी चित्रं, एक दाबलं की तेच चित्र माझ्या फोनवर यायचं आणि फोन वाजायचा. चहाला कपबशी, पाण्याला नळ, बाथरूमला बादली. शिवाय प्रज्ञाचा फोटो, तो दाबला की थेट तिला फोन.

दिसायला झकास. आप्पांनी त्याची पार वाट लावली. चहाची वेळ झाली, ते कपबशीकडे टक लावून बसले आणि दाबली बादली. प्रज्ञा त्यांना उठवून बाथरूमला घेऊन गेली तर असे संतापले की विचारू नका. रोज हाच प्रकार. मी म्हणायचे, अगं सांग ना त्यांना, बोट धरून दाखव. ती मांडीखाली हात दाबून बसलेली. म्हणायची, "मी ऑफिसात असताना बोट कोण धरणार?" डोळ्यांत पाणी असायचं, पण हात बाहेर काढायची नाही. इतकी चिवट पोर मी पाहिली नाही.

एका संध्याकाळी ते असेच कपबशीकडे बघत होते आणि मग नजर टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासाकडे गेली. प्रज्ञा ताडकन उठली. इंगळ्यांच्या घरात कपबशी नाहीच. आप्पांनी जन्मभर चहा घेतला तो कड दुमडलेल्या स्टीलच्या ग्लासातून. पाणी माठातलं, नळाचं नव्हे. तिने त्यांच्याच ग्लासाचा फोटो काढला, त्यांच्या माठाचा, त्यांच्या बाथरूमच्या निळ्या दाराचा. दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला आणि त्यावर ग्लास. मी चहा घेऊन गेले तेव्हा आप्पांचा अर्धा चेहरा हसत होता, आणि प्रज्ञा आमच्या स्वयंपाकघरात येऊन ओक्साबोक्शी रडली.

मग विनोद आला. तो कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला. सकाळी ग्लास, मग माठ, मग निळं दार, सगळं बिनचूक. माझीच छाती फुगली. दुपारी मी ताट वाढलं आणि घोटाळा सुरू झाला. आप्पांनी प्रज्ञाचा फोटो दाबला. तिचा आवाज आला, काय झालं आप्पा? ते बोलणार काय? थोडं थांबून तिने फोन ठेवला. त्यांनी परत दाबला. परत तेच. जेवण होईपर्यंत हेच चाललं होतं, आणि तिकडे ती बिचारी मिटिंग सोडून जिन्यात उभी.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा विनोद शांतपणे म्हणाला, "प्रज्ञा, हे सांगणं नाही गं. हात लागेल तिथे दाबतायत ते. उद्या खरंच काही झालं तर कळणार कसं?" प्रज्ञालाही ते पटल्यासारखं दिसलं. ती म्हणाली की फोटो खालीच आहे, अंगठा तिथे आपोआप पडत असेल, जागाच चुकली. तिने फोटो उचलला, लहान केला आणि पार वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. म्हणाली, आता हात लागणार नाही.

टॅब आप्पांसमोर ठेवला. त्यांनी खाली बघितलं, फोटो नाही. मधे बघितलं, तिथेही नाही. आम्ही तिघं नुसतं बघत होतो. मग त्यांना तो वर दिसला. डावा हात उचलला, हळूहळू ग्लासावरून, माठावरून, दारावरून वर नेला, वाटेत कशालाही लागू दिला नाही, आणि फोटो दाबला.

प्रज्ञाच्या हातातला फोन वाजला. ती समोरच बसलेली, तरी तिने तो कानाला लावला. आप्पा तिच्याकडे बघत राहिले, त्यांना एवढंच हवं होतं. ती म्हणाली, "आप्पा, तुम्हाला जेवताना मी सोबत हवी होते का?" मान 'नाही' म्हणून हलली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. त्या घोळातलं 'नाही' विनोदलासुद्धा कळलं. तो एकटाच नागपूरला परत गेला.

पुढे एकदा मी तिला विचारलं, ऑफिसात डबा खाताना कानाला फोन, शेजारचे हसत नाहीत का? ती म्हणाली, "माझ्या शेजारी कुणी बसत नाही, काकू. मी त्यांच्याकडे बघत बसते ना, डबा कसा उघडतात ते. त्यांना घास जात नाही म्हणे. मी एकटीच जेवते, आधीपासून." हे तिने लिफ्ट बंद आहे म्हणावं तसं सांगितलं. मला इतका राग आला त्या ऑफिसवाल्यांचा!

आता रोज दुपारी आप्पा ताटावर बसले की फोटो दाबतात आणि टॅब वाटीजवळ ठेवतात. तिकडे प्रज्ञाच्या डब्याचं झाकण वाजतं, इकडे आप्पा वरण भुरकतात. बोलणं काही नाही. ठसका लागला तर 'पाणी प्या' एवढं ऐकू येतं. आधी मी तिथेच बसून राहायचे, त्यांना काही लागलं तर म्हणून. हल्ली ताट वाढते, पाणी डाव्या हाताला ठेवते आणि दार ओढून घरी येते. बाप-लेकीच्या पंगतीत माझं काय काम.