तेवीस वर्षांचे आजोबा

"नाव?" मालकांनी मान वर न करता विचारलं.

"मेंग इन-सोप."

मालकांची मान झटकन वर आली. सोलमध्ये किम आणि ली गल्लोगल्ली भेटतात, पण मेंग भेटायला नशीब लागतं. खुद्द मालकांचं नाव मेंग ग्यू-तेक होतं आणि घराबाहेरचा मेंग त्यांनी सहा वर्षांत पाहिला नव्हता.

"सिनचांगचे मेंग? मूळ गाव तेच ना?"

"हो. म्हणजे, आई तसंच सांगते."

उल्जिरोच्या छापखान्यांच्या गल्लीत इन-सोपने दहा दिवसांत चढलेला हा एकविसावा जिना होता. पंचाहत्तर सालचा उन्हाळा सरत आला होता. मुजूच्या डोंगरातल्या तालुक्याच्या गावी तो छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकला होता, हातही चांगला चालत होता, पण प्रत्येक जिन्यावर एकच प्रश्न ठरलेला: "सोलचा अनुभव आहे का?" राहायला ताईची भाड्याची खोली होती. तिच्यात ताई, भावजी आणि शिवणयंत्र आधीपासून राहत होते. भावजींनी त्याच दिवशी सकाळी विषय काढला होता. "छुसोकला गावी जाणारच आहेस ना? मग सगळंच सामान घेऊन जा. परत येण्याचा हेलपाटा कशाला?" छुसोकच्या सणाला बारा दिवस उरले होते.

"इन-सोप... म्हणजे 'इन'ची पिढी," मालक बोटं मोजू लागले. मेंगांच्या घराण्यात प्रत्येक पिढीच्या नावात एक अक्षर ठरलेलं असतं. "मी 'ग्यू'. माझ्या वडिलांची पिढी 'चे'. आणि त्यांच्या वडिलांची..."

तिसऱ्या बोटावर मालक थांबले. त्यांनी सिगारेट विझवली, उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि अठ्ठावन्न वर्षांची कंबर वाकवली.

"आजोबा," ते म्हणाले, "बसा ना."

इन-सोपने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

नोकरी जागच्या जागी मिळाली. अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. इन-सोप एप्रन बांधून खिळ्यांच्या खणांपाशी उभा राहिला, तोच मालक धावत आले. "आजोबा, तुम्ही उभं राहून काम करणार? आणि मी पलीकडे खुर्चीत बसणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" खिडकीजवळ खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली, हातात बार्लीचा चहा आला. इन-सोपने तीन दिवस उल्जिरोची रहदारी पाहिली.

दुपारच्या जेवणाचा प्रश्न आणखी बिकट होता. पंगतीचं पहिलं आसन मालकांच्या काकांचं, मेंग चे-होन यांचं होतं. वय चौऱ्याहत्तर. छापखान्यातलं प्रत्येक प्रूफ ते लाल पेन्सिलीने वाचत आणि त्यांच्याशिवाय एक कागदही यंत्रावर चढत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी इन-सोपकडे बराच वेळ पाहिलं.

"मुजूचे मेंग? वडिलांचं नाव काय?"

इन-सोपने सांगितलं. वडील तो सात वर्षांचा असतानाच गेले होते. म्हातारबुवांनी ते नाव एकदा स्वतःशी पुटपुटलं, मग ते उठले आणि आसनाकडे हात करून म्हणाले, "बसा, काका."

या नव्या काकांनी चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवू शकत नव्हतं आणि ते वयाने सगळ्यांत लहान असल्यामुळे बाकीच्यांची वाट पाहत होते. रश्श्यावर तेलाची साय धरली.

"आजोबा," फोरमन ओ पिल-सू शेवटी म्हणाला, "दात पडलेत का हो? की आम्ही भरवू?"

ओ हा मेंग नव्हता, त्यामुळे त्याच्या जिभेला कुठलीच पिढी आड येत नव्हती. मालकांची मात्र पुरती पंचाईत झाली. आजोबांसमोर सिगारेट ओढायची नाही, म्हणून ते दिवसातून वीस वेळा दोन मजले उतरून गल्लीत जाऊ लागले. कागदवाला व्यापारी आला, त्याच्याशी बोलताना मालक म्हणाले, "जरा हळू, आजोबा बसलेत." त्याने टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. चौथ्या दिवशी जुळाऱ्यांनी विचारलं, "मालक, खुर्च्या आम्हालाही मिळणार का?"

शनिवारी मालक खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले. "आजोबा, या शहराची हवा तुम्हाला मानवत नाही असं मला वाटतं. गावी जाऊन आराम करावा. प्रवासाची सगळी सोय मी करतो."

इतक्या आदराने कुणाला नोकरीवरून काढलेलं छापखान्याने कधी पाहिलं नव्हतं. इन-सोपला डोळ्यांसमोर भावजी दिसले, सामान बांधताना, अगदी हसतमुख.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. मालकांनी तो ऐकला आणि ते भिंतीला टेकले. एका औषध कंपनीचं पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आठ दिवस अडकलं होतं. पुढच्या वर्षी चांद्र पंचांगातला आठवा महिना अधिक येत होता आणि चे-होनकाकांना त्याच्या तिथींबद्दल शंका होती. ते रोज प्रूफ वाचत, रोज नव्याने शंका काढत. आज संध्याकाळपर्यंत छपाई सुरू झाली नाही तर काम समोरच्या छापखान्यात जाणार होतं.

"मग त्यांना आटपायला सांगा ना," इन-सोप म्हणाला.

"मी? काकांना? आजोबा, त्यांना 'आटपा' म्हणण्याचा अधिकार असलेलं माणूस या जगात आता..."

मालक थांबले. दोघांनी एकदमच बोटं मोजली.

इन-सोप प्रुफांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. सगळा छापखाना मागे गोळा झाला होता. म्हातारबुवा कागदावर नाक टेकवून बसले होते.

"अरे चे-होन," इन-सोप म्हणाला आणि आपल्याच आवाजाने दचकला. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "पुरे झालं. आठ दिवस झाले, काही मर्यादा आहे की नाही? तो कागद ग्यू-तेककडे दे आणि घरी जाऊन पड. डोळे बघ कसे लाल झालेत!"

म्हातारबुवांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, प्रूफ दोन्ही हातांनी पुढे केलं आणि मान खाली घातली.

"चुकलं, काका."

यंत्र पाच वाजता सुरू झालं. सहा वाजता इन-सोपने मालकांना बोलावलं. "ग्यू-तेक, मी गावी जात नाही. सोमवारपासून मी उभा राहून खिळे जुळवणार. फोरमन सांगेल ते करणार. चुकलं तर त्याने ओरडायचं. ही आज्ञा आहे."

"आज्ञा म्हणजे आज्ञा!" ओ पिल-सू म्हणाला. त्याचा चेहरा सणाचा झाला होता.

छुसोकला इन-सोप गावी गेला तो परतीचं तिकीट खिशात घेऊन. आईला सगळी हकिगत सांगितली, तेव्हा ती हसेल असं त्याला वाटलं होतं. आई हसली नाही. तिने पेटीतून वंशावळ काढली.

"तुझ्या बापाने नोंदणीच्या कचेरीत तुला शाळामास्तरांचं नाव दिलं, त्यांच्यावर फार जीव होता म्हणून. 'इन' हे तुझ्या पिढीचं अक्षर नाहीच. त्याच्या स्वतःच्या रोजच्या नावातही पिढीचं अक्षर नव्हतं. हे बघ, वंशावळीत तुझं नाव वेगळं आहे."

इन-सोपने ओळीवरून बोट फिरवलं. तो ग्यू-तेकच्या खालच्या पिढीत होता. मालक त्याचे काका लागत होते. आणि ज्यांना त्याने सगळ्यांसमोर झापलं होतं, ते आजोबा.

परतीच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली होती, तरी तो अर्धा रस्ता उभाच होता. सोलला उतरल्यावर तो थेट प्रुफांच्या खोलीत गेला, दार लावलं, जमिनीवर कपाळ टेकलं आणि सगळं सांगून टाकलं.

"ऊठ, ऊठ," म्हातारबुवा म्हणाले. "वंशावळीच्या गेल्या आवृत्तीची प्रुफं मीच वाचली होती. तुझ्या बापाचं नाव ऐकलं, तेव्हाच पान डोळ्यांसमोर आलं."

"मग माझं का ऐकलंत?"

म्हातारबुवांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "माझे शेवटचे काका गेले, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी काहीही म्हणालो तरी सगळे 'हो' म्हणतात. त्या तिथी बरोबर होत्या, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, बघू तरी कुणी रागावतंय का. आठ दिवस बसलो. डोळे लाल झाले, एक माणूस बोललं नाही." त्यांनी टोकावर फुंकर मारली. "ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. आणि ऐक, खोकल्याचं औषध मी कालपासून घेतलेलं नाही."

इन-सोप उठला आणि त्याने कपाळाची धूळ पुसली.

"का नाही घेतलंस?" तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता घे. माझ्यासमोर."

"हो, काका," म्हातारबुवा म्हणाले आणि लगबगीने बाटली शोधू लागले.

हे पुढे पाच वर्षं चाललं. त्यानंतर लाल पेन्सिल इन-सोपकडे आली.

वंशावळीची नवी आवृत्ती निघाली ती त्यानंतर चार वर्षांनी, त्याच छापखान्यात. मुजूच्या शाखेचं पान इन-सोपने स्वतः जुळवलं. आपलं वंशावळीतलं नाव आणि कंसात 'इन-सोप' त्याने योग्य जागीच, मालकांच्या खालच्या पिढीत, जुळवलं. मालक आता सदुसष्ट वर्षांचे होते. चष्मा लावून, बोट फिरवत ते एकेक ओळ वाचत होते. त्या ओळीवर बोट थांबलं. इन-सोप खिडकीबाहेर पाहू लागला. खाली तीच गल्ली होती.

बोट पुढे सरकलं. मालकांनी पान उलटलं, सिगारेटचं पाकीट चाचपलं, आणि नेहमीसारखे जिन्याकडे निघाले.

"खाली जाऊन येतो, आजोबा," ते म्हणाले. "तुमच्यासाठी कॉफी सांगू का?"