अस्सल फुटतुटीचा तुटवडा

जपानमधल्या ताजिमीच्या फरशी कारखान्यात फुटतुटीचा तुटवडा पडला, ही गोष्ट व्यवस्थापनाने अत्यंत गांभीर्याने घेतली. फुटक्या फरश्या दळून तिथे हवेतला दमटपणा शोषणारे भिंतीचे तक्ते बनत. त्यांवर 'कचऱ्यापासून बनवलेलं' अशा प्रमाणपत्राचं हिरवं पान छापलेलं असे, आणि टोकियोतली माणसं त्या पानावर लट्टू होती.

तपासनीस हिबिनोला हे तक्ते आईच्या खोलीसाठी हवे होते. जूनची झड लागली की तिथल्या भिंतीला काळी बुरशी धरे आणि म्हातारी खोकून खोकून बेजार होई. "मागण्या पुरवून उरले, की कर्मचाऱ्यांना मोफत," असं कारखान्याचे व्यवस्थापक कानेमात्सु साहेब म्हणाले होते. उरणार कुठून? हिबिनोनेच इमानेइतबारे काम करून फरश्या फुटणं जवळजवळ बंद पाडलं होतं.

"मग चांगल्या फोडू या की, साहेब."

"तो कचरा नव्हे, हिबिनो-सान, ती नासधूस! प्रमाणपत्राची अट आहे, कचरा अनवधानानेच झालेला हवा."

तेव्हा रीतसर अनवधान विभाग स्थापन झाला. फरशी हातून निसटू कशी द्यावी, याचं कामगारांना प्रशिक्षण मिळालं. प्रमाणपत्र देणाऱ्या बाईंना तरी शंका होतीच. "चूक खरी असेल, तर माफीही खरी असते," त्या म्हणाल्या, आणि कोण किती खाली वाकतो ते बघू लागल्या.

इथे हिबिनोला तोड नव्हती. बिचाऱ्याचा सगळा जन्म दोषांची लाज बाळगण्यात गेलेला. फरशी निसटली की त्याचं कपाळ गुडघ्याला टेके आणि डोळे भरून येत. बाई गहिवरत.

"अहो, एवढं तर आम्ही बायकोपुढेही वाकत नाही!" बाकीचे चिडवत.

"म्हणून तर तुमचा कचरा नापास होतो," हिबिनो म्हणे.

खापऱ्यांचे ढीग लागले, मागण्या भागल्या, आणि एके दिवशी खरोखरच तक्ते उरले. हिबिनोने खोकं छातीशी कवटाळून घरी नेलं. आई दारातच उभी होती.

"आणलेस का रे एकदाचे? दे इकडे."

तिने हात पुढे केले, आणि हिबिनोच्या हातून खोकं सवयीने निसटलं. खळ्ळकन आवाज झाला. तो कमरेत वाकला.

"मेल्या, वाकतोस काय! आता भिंतीला तुझी माफी चिकटवू?" आई खोकत खोकत ओरडली.

खापऱ्या कारखान्यात परत गेल्या आणि बाईंनी त्यांना प्रथम श्रेणी दिली. इतका निर्भेळ कचरा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्या खापऱ्या दळून नवे तक्ते झाले आणि लगोलग विकलेही गेले. तुमच्या भिंतीवर हिरवं पान असेल, तर जवळ जाऊन खुशाल खोल श्वास घ्या. हवा अगदी कोरडी आहे. हिबिनोची आई अजून खोकतेय, पण ते तुमच्या घरापर्यंत ऐकू येत नाही.